पॅरानॉर्मल रोमान्सची मालिका पहिल्यांदाच वाचताय? मग आधी हे वाचा

सतरा वर्षांची मुलगी, तिच्या वर्गातला व्हॅम्पायर, जंगलात लांडगा होणारा दुसरा मुलगा. एवढं कानावर पडलं की बरेच जण उत्साहानं पहिला भाग आणतात आणि शंभर-दीडशे पानांत खाली ठेवतात. त्यातले निम्मेअधिक भयकथा समजून वाचत असतात. आपल्याकडची भुतं माणसाला धरायला येतात: पिंपळावरचा मुंजा, विहिरीपाशी बसलेली हडळ. ती आली की गोष्ट सुरू होते, उतरली की संपते. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये ते अमानवी पात्रच नायक असतं. ते कुठं जात नाही, त्याला कुणी उतरवतही नाही. हे दोघं एकत्र राहू शकतील का आणि त्याची किंमत कोण मोजेल, एवढ्या प्रश्नावर तीन-चार जाडजूड पुस्तकं उभी असतात.

म्हणून या मालिका वाचताना सगळ्यात आधी धरायची गोष्ट म्हणजे त्या जगाचे नियम. त्या जमातीला काय जमतं, काय जमत नाही, आणि नियम मोडला तर काय होतं. नायक-नायिकेमधला सगळा ताण तिथूनच येतो. नियमांची पानं चाळून थेट प्रेमाच्या प्रसंगांवर उड्या मारल्या, तर दुसऱ्या भागात ती दोघं एवढी का रडताहेत हेच कळेनासं होतं.

पहिली पायरी: मालिका निवडताना

नवख्या वाचकानं तीन किंवा चार भागांत संपणारी, पूर्ण झालेली मालिका घ्यावी. अर्धवट मालिका घेतली तर पुढच्या भागाची वर्षभर वाट बघता बघता नावं आणि नियम दोन्ही विसरतात.

दोन नावं डोळे झाकून सांगता येतील. स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ चार भागांची, तर मॅगी स्टीफवॉटर यांची ‘शिव्हर’पासून सुरू होणारी मालिका तीन भागांची: ‘शिव्हर’ (२००९), ‘लिंगर’ (२०१०), ‘फॉरएव्हर’ (२०११). पहिलीची भाषा सोपी आहे आणि गोष्ट सरळ पुढं जाते. दुसरीची भाषा जास्त काव्यमय, वेग संथ, पण गोष्ट आटोपशीर. इंग्रजी कादंबरी आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेत असाल तर ‘ट्वायलाइट’ घ्या. इंग्रजी वाचायची सवय आहे, कविता आवडते, असं असेल तर ‘शिव्हर’ जास्त भावेल असं आमचं मत.

कॅसांड्रा क्लेअर यांच्या ‘द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स’नं सुरुवात करू नका. मालिका उत्तम आहे, पण सहा भाग, त्यात शेजारची आणखी तीन भागांची मालिका, आणि पात्रं शेकड्यानं. ती दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

दुसरी पायरी: क्रम

नियम एकच. ज्या क्रमानं पुस्तकं छापून आली त्याच क्रमानं वाचायची. गोष्टीतल्या काळाप्रमाणे क्रम लावायचा मोह होतो, तो टाळा.

‘ट्वायलाइट’ (२००५), ‘न्यू मून’ (२००६), ‘एक्लिप्स’ (२००७), ‘ब्रेकिंग डॉन’ (२००८) हा कणा. ब्री टॅनर नावाच्या छोट्या पात्रावरचं एक लहान पुस्तक २०१० मध्ये आलं. त्यातल्या घटना ‘एक्लिप्स’च्या काळातल्या आहेत, त्यामुळे ‘एक्लिप्स’ संपल्याशिवाय ते उघडायचं नाही. २०२० मध्ये ‘मिडनाइट सन’ आलं आणि तिथं नवे वाचक हमखास चुकतात. त्यात पहिल्याच भागाची गोष्ट एडवर्डच्या, म्हणजे व्हॅम्पायर नायकाच्या, तोंडून सांगितलेली आहे, म्हणून अनेक जण ते दुसऱ्या नंबरला घेतात, काही तर पहिल्या. पहिल्या भागाची सगळी मजा हा मुलगा नक्की कोण आहे हे नायिका बेलाबरोबर शोधण्यात आहे आणि एडवर्डला ते पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं. शिवाय हे पुस्तक मूळ पुस्तकाहून बरंच जाड आहे. ते सगळ्यात शेवटी वाचा.

तिसरी पायरी: पुस्तक मिळवणं

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या नगर वाचनालयात आधी चौकशी करा. फक्त पहिला भाग आहे का एवढं विचारून थांबू नका. सगळे भाग आहेत का ते रजिस्टरमध्ये किंवा संगणकावर बघायला सांगा. वाचनालयांत अशा मालिकांचा पहिला आणि तिसरा भाग असतो, दुसरा कुणीतरी नेऊन परत केलेला नसतो. हा अनुभव सार्वत्रिक आहे. दुसऱ्या भागाची खात्री नसेल तर तो आधीच मागवून ठेवा किंवा विकत घ्या, कारण पहिले भाग अशा ठिकाणी थांबतात की पंधरा दिवसांचा खंड पडला तर वाचन तिथंच सुटतं.

पाचगणीजवळच्या भिलारला, २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावात, जाणार असाल तर अवश्य जा. पण तिथला संग्रह मुख्यतः मराठी आहे, या मालिकेसाठी म्हणून जाऊ नका.

विकत घेताना रस्त्यावरच्या स्वस्त प्रतींपासून सावध राहा. पायरेटेड प्रतीत अक्षर पुसट असतं हे कुणालाही दिसतं. त्याहून वाईट दोष लगेच दिसत नाही. पुस्तक सोळा किंवा बत्तीस पानांच्या घड्यांचं, म्हणजे फर्म्यांचं, बांधलेलं असतं. एखादा फर्मा गळतो, दोनदा येतो किंवा उलटा लागतो. मग १९२ नंतर एकदम २२५ वं पान येतं आणि तुम्हाला वाटतं आपल्यालाच गोष्ट कळली नाही. दुकानात उभ्या उभ्या दर सोळा पानांवर पानाचा आकडा तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. मागच्या कव्हरवर बारकोडखाली ९७८ नं सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक हवा. तोच क्रमांक आतल्या कॉपीराइटच्या पानावर आहे का तेही बघा. नकली प्रतीत हे दोन आकडे पुष्कळदा जुळत नाहीत.

मोबाइलवर किंवा किंडलवर वाचणार असाल तर विकत घेण्याआधी मोफत सँपल उतरवून घ्या. साधारण दहा टक्के पुस्तक त्यात येतं, भाषा झेपते का हे कळायला तेवढं पुरतं.

घरी पुस्तकं कुठं ठेवायची हे २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना सांगायला नको. जमिनीलगतचा कप्पा नको. पावसाळ्यात भिंतीला टेकवूनही ठेवू नका. जाड पेपरबॅकचा कणा ओलीनं सैल होतो आणि मधली पानं सुटी होतात.

चौथी पायरी: वेळेचा हिशेब

‘ट्वायलाइट’मध्ये जवळपास एक लाख वीस हजार शब्द आहेत, चोवीस प्रकरणं आणि एक उपसंहार. म्हणजे एक प्रकरण सरासरी पाच हजार शब्दांचं.

आपला वेग मोजून घ्या. घड्याळ लावून दहा मिनिटं नेहमीसारखं वाचा, किती पानं झाली ती मोजा. एका पानावर साधारण २७० शब्द धरा. चार पानं झाली तर १०८० शब्द, म्हणजे मिनिटाला १०८. मराठी माध्यमातून आलेल्या नव्या वाचकाचा वेग बहुतेक १०० ते १२० च्या आसपास निघतो आणि त्यात काहीही कमी नाही. १२० च्या वेगानं एका प्रकरणाला चाळीस-बेचाळीस मिनिटं लागतात, २०० च्या वेगानं पंचवीस. रोज एक प्रकरण ठरवलं की पंचवीस दिवसांत पुस्तक संपतं. वाचनालयाची मुदत पंधरा दिवसांची असेल तर एकदा नूतनीकरण करावं लागणार हे आधीच धरून चाला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी फोन करा. दंड भरून पुस्तक परत देणारा वाचक सहसा पुन्हा तेच पुस्तक मागत नाही.

प्रकरण अर्ध्यात सोडू नका. सांगली-मिरज बसमध्ये वीस मिनिटं मिळाली म्हणून सुरू केलं आणि स्टँडवर बंद केलं, तर संध्याकाळी पुन्हा दोन पानं मागं जावं लागतं. बसमध्ये वाचायचंच असेल तर आदल्या रात्री उरलेला शेवटचा तुकडा वाचा.

पाचवी पायरी: नियमांची वही

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण मालिका पूर्ण होते ती याच्याच जोरावर. शंभर पानी वहीचं एक पान घ्या, उभे तीन रकाने आखा: काय जमतं, काय जमत नाही, मोडलं तर काय. पुस्तकात नियम कळला की एका ओळीत लिहा, पुढं पान क्रमांक टाका. पहिल्या भागातून पंधरा-वीस ओळी निघाल्या तरी भरपूर.

नियम कुणी भाषण देऊन सांगत नाही, तो वर्णनात लपलेला असतो. ‘ट्वायलाइट’मधलंच घ्या. जीवशास्त्राच्या वर्गात बेला पहिल्यांदा एडवर्डशेजारी बसते तेव्हा त्याचे डोळे काळेकुट्ट आहेत. मग काही दिवस तो शाळेतच येत नाही. परत येतो तेव्हा तेच डोळे फिकट सोनेरी झालेले असतात आणि बेला त्याला विचारते, तू कॉन्टॅक्ट लेन्स लावल्यास का. नवा वाचक हे दोघांमधलं अवघडलेलं बोलणं समजून पुढं जातो. खरं तर इथं नियम मांडला जातोय. प्राण्यांच्या रक्तावर राहणाऱ्या व्हॅम्पायरचे डोळे पोट भरलेलं असताना सोनेरी असतात आणि तहान वाढेल तसे काळे होत जातात. माणसाचं रक्त पिणाऱ्याचे लाल. हे एकदा वहीत उतरलं की पुढं प्रत्येक भेटीत डोळ्यांच्या रंगाचा उल्लेख आला रे आला, की त्या क्षणी तो किती धोकादायक आहे हे तुम्हाला कळतं, आणि एखाद्या साध्या दिसणाऱ्या प्रसंगातही छातीत धडधडतं. लेखिकेनं हे पुढच्या तिन्ही भागांत प्रामाणिकपणे पाळलंय.

दुसरी मालिका घेतली की नवं पान. एका मालिकेतला नियम दुसरीला लावू नका. ‘ट्वायलाइट’मधले व्हॅम्पायर उन्हात जळत नाहीत, त्यांची कातडी चमकते. लोकांना ते दिसू नये म्हणून ऊन पडलं की एडवर्डच्या कलन कुटुंबातली भावंडं शाळेला दांडी मारतात. लसूण आणि क्रूस यांचाही काही परिणाम होत नाही. सिनेमांवरून आलेल्या समजुती बाजूला ठेवूनच वाचायला बसा.

वहीच्या मागच्या पानावर माणसं लिहा. कलनांच्या घरात सात जण आहेत: कार्लाइल आणि एस्मे हे आईवडिलांच्या जागी, मग एडवर्ड, अ‍ॅलिस, जॅस्पर, रोझाली, एमेट. कोण कुणाचं जोडीदार हे पहिल्या उल्लेखालाच लिहून टाका, नाहीतर शंभर पानांनंतर जॅस्पर आणि एमेट यांची हमखास गल्लत होते.

सहावी पायरी: तिथली जागा, तिथली शाळा

‘ट्वायलाइट’ घडते ते फोर्क्स हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं खरोखरचं छोटं गाव आहे. तिथं वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरला याच्या जवळपास दुप्पट पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. फोर्क्सला वर्षाचे बहुतेक महिने झिमझिम आणि ढग असतात. व्हॅम्पायर कुटुंबानं राहायला हेच गाव का निवडलं, त्याचं उत्तर या ढगांत आहे. पाऊस नुसती वातावरणनिर्मिती नाही, तोही नियमांच्या पानावर लिहा.

किनाऱ्यावरची ला पुश वस्ती आणि तिथली क्विल्यूट जमातही खरी आहे. लांडग्यापासून आपली उत्पत्ती झाली अशी त्यांची जुनी कथा आहे. व्हॅम्पायरांशी वैर मात्र कादंबरीतलं. खऱ्या माणसांविषयीची माहिती म्हणून ते कुणाला सांगू नका.

शाळेचा हिशेब असा: फ्रेशमन म्हणजे नववी, सोफोमोर दहावी, ज्युनियर अकरावी, सीनियर बारावी. बेला अकरावीत आहे. शाळा सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि जूनच्या आसपास संपते, त्यामुळे जानेवारीत आलेली बेला ही वर्षाच्या अधेमधे आलेली मुलगी आहे आणि सगळी शाळा तिच्याकडे टकामका बघते ती त्यामुळेच. सोळाव्या वर्षी गाडीचा परवाना मिळतो. प्रॉम म्हणजे वर्षाअखेरचा नाचाचा कार्यक्रम, जोडीदार घेऊन जायचा.

‘शिव्हर’ वाचणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लागेल. तिथं प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर बोलणाऱ्याचं नाव आणि त्या वेळचं तापमान छापलंय. नाव यासाठी की ग्रेस आणि सॅम आळीपाळीनं गोष्ट सांगतात. तापमान यासाठी की थंडी वाढली की माणसाचा लांडगा होतो. म्हणजे तो आकडाच त्या प्रकरणातला धोका आहे. पण तो फॅरनहाइटमध्ये असतो आणि आपण तो नजरेआड करतो. सोपा हिशेब: ३२ वजा करा, उरलेल्याचे निम्मे करा, त्यात निम्म्याचा दहावा भाग मिळवा. ५० असेल तर १८, निम्मे ९, अधिक ०.९, म्हणजे जवळपास १० अंश सेल्सिअस. पाचगणीतल्या डिसेंबरच्या पहाटेएवढी थंडी. ३२ म्हणजे शून्य, पाणी गोठायचा बिंदू. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं ३२=०, ५०=१०, ६८=२० एवढं लिहून ठेवलं तरी भागतं. पुस्तक वाचनालयाचं असेल तर बुकमार्कवर लिहा.

सातवी पायरी: शब्द

प्रत्येक अडलेला शब्द डिक्शनरीत बघायला गेलात तर दोन दिवसांत थकाल. एका पानावर जास्तीत जास्त तीन शब्द बघा, तेही दुसऱ्यांदा भेटलेले. या मालिकांत चेहऱ्यावरचे भाव दाखवणारी क्रियापदं पानोपानी येतात, तेवढी आधी पाठ केलीत तर निम्मा भार उतरतो. स्काउल म्हणजे कपाळाला आठ्या घालणं, ग्लेअर म्हणजे रागानं रोखून बघणं, स्मर्क म्हणजे ओठांच्या कोपऱ्यातून खवचट हसणं, फ्लिंच म्हणजे दचकून मागं सरणं, श्रग म्हणजे खांदे उडवणं, मम्बल म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटणं.

अडखळायच्या जागा

‘ट्वायलाइट’च्या अगदी सुरुवातीला एका पानाचं निवेदन आहे, त्यात कुणीतरी मरणाच्या दारात उभं आहे. ते शेवटच्या प्रसंगातून उचललेलं आहे. न कळलं तरी पुढं जा.

त्याच पुस्तकात खरा शत्रू येतो तो सतरा-अठराव्या प्रकरणात. तोवर भेटी, प्रश्न, उत्तरं, गाडीतल्या गप्पा. भयकथेच्या अपेक्षेनं आलेला वाचक दहाव्या प्रकरणात पुस्तक ठेवतो ते यामुळेच. तेरावं प्रकरण होईपर्यंत थांबा. जंगलातल्या मोकळ्या गवताळ जागेतला प्रसंग तिथं येतो. तोही वाचून पुढं जावंसं वाटलं नाही, तर हा प्रकार तुमचा नाही, खुशाल सोडा.

‘न्यू मून’मध्ये एके ठिकाणी कोऱ्या पानांवर फक्त महिन्यांची नावं येतात: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. ही छपाईची चूक नव्हे. दुकानदाराकडे पुस्तक परत घेऊन जाऊ नका. त्या महिन्यांत सांगण्यासारखं काही का उरलं नाही हे त्याआधीच्या प्रकरणात कळलेलं असतं.

दुसरा भाग एकूणच जड जातो, कारण यात नायक-नायिकेला वेगळं केलं जातं. इथं रोज एका प्रकरणाऐवजी दोन वाचून तो टप्पा लवकर पार करा. चौथ्या भागाचा मधला खंड जेकब, म्हणजे लांडगा होणारा तो दुसरा मुलगा, सांगतो, बेला नाही. प्रकरणांच्या मथळ्यांचा सूरही बदलतो. लक्षात आलं नाही तर पहिली पाच पानं ‘मी’ कोण ते कळत नाही.

आणि दोन मुलांपैकी कुणाची बाजू घ्यायची हे पहिल्या भागात ठरवू नका. एक बाजू मरण नसलेल्या आयुष्याची, दुसरी म्हातारं होणाऱ्या साध्या माणसाच्या आयुष्याची. ही निवड तिसऱ्या भागाशिवाय नीट उभी राहत नाही.

घरच्यांसाठी

पहिला भाग आठवी-नववीपासून द्यायला हरकत नाही. चौथ्यात लग्न, गरोदरपण आणि अंगावर काटा आणणारं बाळंतपण आहे, तो दहावीनंतर बरा. दुकानात शेजारीच ‘न्यू अ‍ॅडल्ट’ असं लिहिलेली पुस्तकं असतात, कव्हर तसंच, आत मात्र उघड शारीरिक वर्णनं. यंग अ‍ॅडल्ट (किशोरवयीन वाचकांसाठी) आणि न्यू अ‍ॅडल्ट (त्याहून मोठ्यांसाठी) हे वेगळे विभाग आहेत, मागचं कव्हर वाचूनच घ्या.

एका गोष्टीवर मुलामुलींशी मोकळेपणी बोला. एडवर्ड रात्री न सांगता बेलाच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो आणि पुस्तक ते प्रेम म्हणून दाखवतं. कादंबरीत तो शंभरेक वर्षांचा व्हॅम्पायर आहे. कॉलेजमधला मुलगा असा वागला तर ती पाळत आहे, त्याची तक्रार करायची असते. पुस्तक काढून घेऊ नका. तो प्रसंग एकत्र वाचा आणि ‘तुला हे कसं वाटलं?’ एवढंच विचारा. वाचणाऱ्या मुली यावर फार नेमकं बोलतात.

मालिका संपल्यावर

‘ट्वायलाइट’चे सिनेमे आता बघा, आधी नाही. पाच आहेत, २००८ ते २०१२, शेवटच्या पुस्तकाचे दोन केलेले. आधी बघितले तर वाचताना मनात नटांचेच चेहरे येतात आणि बेलाच्या मनातलं जे पडद्यावर येऊच शकत नाही, ते वाचायचा धीर राहत नाही.

मग ‘द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स’. पहिले तीन भाग सलग: ‘सिटी ऑफ बोन्स’ (२००७), ‘सिटी ऑफ अ‍ॅशेस’ (२००८), ‘सिटी ऑफ ग्लास’ (२००९). इथं एक गोष्ट पुरी होते, दमला असाल तर थांबता येतं. पुढं जाणार असाल तर त्याच जगातली जुन्या लंडनमधली ‘द इन्फर्नल डिव्हायसेस’ मधे गुंफून वाचा: ‘क्लॉकवर्क एंजल’ (२०१०), मग ‘सिटी ऑफ फॉलन एंजल्स’ (२०११), ‘क्लॉकवर्क प्रिन्स’ (२०११), ‘सिटी ऑफ लॉस्ट सोल्स’ (२०१२), ‘क्लॉकवर्क प्रिन्सेस’ (२०१३) आणि शेवटी ‘सिटी ऑफ हेवनली फायर’ (२०१४). एका मालिकेतल्या पात्राचा उलगडा दुसरीत होतो, त्यामुळे हा क्रम बदलू नका. वहीची चार पानं आधीच आखून ठेवा, या मालिकेला एक पान पुरत नाही.